शंभरातले चार

घर दाखवताना मालक सहसा नळ सोडून दाखवतात, पंखा फिरवून दाखवतात. अण्णांनी मला भिंतीला हात लावायला सांगितला.

"हात पालथा करा. तळवा नको, तळवा खोटं बोलतो," ते म्हणाले. "आता इथं लावा. आता त्या भिंतीला. किती फरक?"

मी माझी यादी घेऊन गेले होते. पाणी किती वाजता येतं, गच्चीची किल्ली कुणाकडे, सिलिंडर वर कोण चढवतं, मुलीच्या कॉलेजला चालत किती वेळ लागतो. भिंतीचं तापमान तिच्यात नव्हतं. पण पश्चिमेची भिंत पूर्वेच्या भिंतीपेक्षा खरंच पुष्कळ गरम होती आणि मी तसं सांगितलं.

"सरी," म्हणजे कन्नडमध्ये ठीक, असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. माझ्या आधी आलेल्या तिघांनी "दोन्ही छान गार आहेत" असं म्हटलं होतं आणि ते नापास झाले होते, हे मला पुढे त्यांच्या बायकोकडून कळलं.

घर बंगळुरातल्या चामराजपेटमधलं. माझं ऑफिस महादेवपुऱ्यात, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मेट्रो बदलून जावं लागे. ऑफिसातली पुण्या-नागपूरची मंडळी मला वेड्यात काढत. पण मुलीची कॉलेजची तीन वर्षं व्हायची होती. तेवढी तीन वर्षं मी अण्णांच्या वरच्या मजल्यावर काढली.

पहिल्या दिवशी मी त्यांना काका म्हटलं. "काका तुमच्या पुण्यात. इथं अण्णा म्हणा. मी तुम्हाला अक्का म्हणतो." मी त्यांच्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान, पण अक्का झाले ती झालेच. त्यांच्या बायकोला काकू म्हटलेलं मात्र चाले. त्यांचं घराणं चार पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठीच, पण वाक्य मराठीत निघायचं आणि बऱ्याचदा कन्नडमध्ये पोचायचं.

अण्णांनी पस्तीस वर्षं उपकरणांच्या एका कारखान्यात, तापमान मोजण्याच्या विभागात काढली होती. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडून ते टोक भट्टीत खुपसायचं, दुसरीकडे मीटर. भट्टी तापली की मीटरची सुई हलते.

"त्या मीटरला बॅटरी नव्हती, अक्का," हे त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितलं असेल, आणि दर वेळी आत्ताच लक्षात आल्यासारखं. "सेल नाही, प्लग नाही. मग सुई कोण हलवत होतं? उष्णताच की! पस्तीस वर्षं आम्ही तिला नुसतं विचारलं, तू किती? तू आणखी काय काय करतेस, हे कुणी विचारलंच नाही."

निवृत्त झाल्यापासून ते तेच विचारत बसले होते.

सामान फार नव्हतं. एस.पी. रोडवर इलेक्ट्रॉनिक्सचं सुटं सामान मिळतं, तिथून ते पांढऱ्या चौकोनी चकत्या आणत. चार सेंटीमीटर लांब, तेवढ्याच रुंद, एक लाल वायर, एक काळी. अण्णा त्यांना बिस्किटं म्हणत. बिस्किटाची एक बाजू गरम ठेवायची, दुसरी गार. वायरींतून वीज निघते. आत काही फिरत नाही, आवाज नाही, धूर नाही. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं, "मग अडलंय कुठे?"

"गार बाजूला," ते म्हणाले. "बिस्कीट तापवायला काय, कुणालाही जमतं. पण ती उष्णता पलीकडे झिरपते, दोन्ही बाजू सारख्या होतात आणि खेळ खलास. नुसत्या उष्णतेला कोण विचारतं? फरक पाहिजे."

त्यामुळे काहीही दाखवलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "गार बाजू कोण सांभाळतंय?" तो प्रश्न ते बिस्किटांपुरता ठेवत नसत. समोरच्या इमारतीत गाडी लावण्यावरून दोन घरांत जुंपली तेव्हा अण्णांना मध्यस्थ म्हणून बोलावलं. त्यांनी दोघांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही दोघंही तापलाय. यातून काही निघणार नाही. तुम्ही आज बोला, यांना उद्या गार होऊन येऊ द्या." दोघं इतके गोंधळले की भांडण तिथेच राहिलं.

त्यांच्याकडे कॉफी प्यायला जाणं हा एक सोहळा असायचा. काकू वाफाळता पेला घेऊन येत. तो पाहुण्याच्या हातात न जाता आधी अण्णांच्या एका लाकडी ठोकळ्यावर जाई. ठोकळ्यावर बिस्कीट, बिस्किटाखाली पितळेचा जाड पत्रा आणि बाजूला खेळण्यातल्यासारखा छोटा पंखा. पेला ठेवला की पंखा गरगर फिरू लागे. कॉफी निवत जाई तसा पंखा मंदावे.

"पंखा थांबला की प्या. आधी जीभ भाजते, नंतर चव जाते. पंख्याला बरोबर कळतं."

"सगळ्यांना फुंकर मारता येते हो," काकू आतून म्हणत. "यांच्या विजेवर आजपर्यंत एक डास मेलेला नाही."

मी एकदा पंखा थांबेपर्यंत थांबून पाहिलं. पंखा थांबला तेव्हाची कॉफी खरोखरच मला आवडते तेवढी गरम होती. पालथ्या हाताचंही तसंच. ते कुकरच्या झाकणाला, स्कूटरच्या सायलेन्सरला, माझ्या मुलीने घरी आणलेल्या मांजराच्या कानाला हात लावून आकडा सांगत. मांजराच्या बाबतीत मी थर्मामीटर लावून पडताळू शकले नाही, बाकी दोन-तीनदा पडताळलं. एखाद-दुसऱ्या अंशाची चूक असे.

त्यांना राग होता एकाच गोष्टीचा, तो म्हणजे बॅटरीचा. वीज गेली की गल्लीतल्या सगळ्या घरांत इन्व्हर्टर लागायचे. अण्णा तेलाची पणती पेटवत, तिच्यावर बिस्कीट धरत आणि त्यावर एक पांढरा दिवा लावत. पणतीचा स्वतःचा उजेड त्या दिव्याहून जास्त असायचा, हे मी बोलून दाखवलं तर म्हणाले, "असू दे. ही ताजी आहे. बॅटरीतली वीज शिळी. कधी भरली, कुठून आली, काही कळत नाही."

मग मी माझ्या सवयीप्रमाणे सरळ विचारलं, "अण्णा, शंभर भाग उष्णता घातली तर त्यातली किती वीज होते?"

"चार. चांगला दिवस असेल तर पाच."

"आणि उरलेले शहाण्णव?"

"वाया जातात."

"मग याला काय अर्थ आहे?"

त्यांना राग आला नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "अक्का, स्वल्प विचार करा. तुमच्या गॅसवर डोसा झाला, तवा तापलेला राहिला. ते शंभरच्या शंभर वाया जातच होते की. मी चार परत आणले."

हिशोब चुकीचा आहे असं मला म्हणता येईना. बरोबर आहे असंही म्हणवेना. आता मी बेळ्ळंदूरला चौदाव्या मजल्यावर राहते आणि रोज रात्री तवा खाली उतरवताना हा हिशोब करते. त्यांचा फोन येतो तोही "चौदाव्या मजल्यावर पश्चिमेची भिंत किती?" असाच सुरू होतो.

पण अण्णा कोण आहेत हे सांगायचं तर जयम्माच्या दिव्याबद्दल सांगायला हवं.

अण्णांच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून होंगेचं झाड होतं, होंगे म्हणजे आपला करंज. त्याच्याखाली जयम्माची इस्त्रीची गाडी. कोळशाची इस्त्री, पोटात निखारे भरायचे, झाकण लावायचं, पुठ्ठ्याने वारा घालायचा. जयम्मा पन्नाशीची, विधवा, दिवसभर उभी. ती कन्नड बोलायची. मी तिचं बोलणं मराठीत लिहितेय, त्यामुळे त्यातला तिखटपणा निम्माच उतरेल.

तिचं खरं काम संध्याकाळचं. समोरच्या दोन इमारतींतली नोकरदार मंडळी सहानंतर कपडे आणून टाकत आणि सकाळी आठला मागत. म्हणजे अंधार पडल्यावर दोन तास तरी गाडी चालायला हवी. रस्त्याचा दिवा होता, पण तो झाडाच्या वर. त्याचा सगळा उजेड पानांना मिळायचा. म्हणून कित्येक वर्षं अण्णांच्या घरातून भिंतीवरून एक वायर गेलेली होती आणि फांदीला बल्ब.

एका जूनमध्ये वीजवाला शिडी घेऊन आला. तसा सभ्य माणूस होता. म्हणाला, "घरगुती जोडणीवरून धंद्याला वीज देता येत नाही, अण्णा. तक्रार आलीय. मला काढावी लागेल." ढकलगाडीला मीटर मिळायचा तर पत्ता लागतो, आणि झाडाला पत्ता नसतो. वायर निघाली.

अण्णा कंपाउंडशी उभे राहून सगळं पाहत होते. जयम्माने बल्ब ओच्यात गुंडाळून ठेवला. मग अण्णा त्या वीजवाल्याला म्हणाले, "दसऱ्याला या. इथं दिवा लागलेला असेल. तुमच्या तारेशिवाय."

"आणि तोवर मी काय काजवे पकडू?" जयम्मा म्हणाली.

तोवरची व्यवस्था मी केली. चार्जिंगचा एक दिवा आणून दिला. तो पंधरा दिवसांत, एका पावसाळी संध्याकाळी ती आडोशाला गेली तेवढ्यात, कुणीतरी उचलला. दुसरा आणला. तो दीड तास नीट चालायचा आणि मग पिवळा पडायचा. पिवळ्या उजेडात तिने एका निळ्या टेरिलीनच्या शर्टाला काळा सुती समजून जास्त तापलेली इस्त्री लावली आणि त्या घराचे कपडे यायचे बंद झाले. सौर दिव्याला ऊन लागतं आणि गाडीला सावली, दोघांचं जमेना. एका इमारतीने हळूहळू कपडे कमी केले.

त्यात पुढच्या रस्त्यावर वाफेच्या इस्त्रीचं नवं दुकान निघालं. त्या मालकाला जयम्माच्या हाताची कीर्ती माहीत होती. त्याने तिला कामावर बोलावलं. ती मला म्हणाली, "वाईट नाही, अक्का. डोक्यावर छप्पर आहे. पण तिथं घंटा झाली की जेवायचं आणि घंटा झाली की उठायचं. इथं माझी गाडी आहे. मी कुणाला नाही म्हणू शकते." तिने त्याला दसऱ्यापर्यंत थांबायला सांगितलं. दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो माणूस पाठवणार होता. आली तर आली, नाहीतर दुसरी बाई बघणार.

म्हणजे अण्णांना चार महिने होते.

पहिला महिना त्यांनी चुकीच्या बिस्किटांत घालवला. ती गार करण्याच्या कामाची होती, छोट्या फ्रिजमध्ये असतात ती. तापलेल्या इस्त्रीखाली ठेवल्यावर आतलं सोल्डर वितळून वायरी गळून पडल्या. दुसरा महिना गार बाजूत. त्यांनी खाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावल्या आणि त्यांना वारा घालायला पंखा. वीज झाली, पण ती सगळी पंख्यानेच खाल्ली.

"छान," काकू म्हणाल्या. "म्हणजे आता पंखा चालवायला इस्त्री तापवायची."

मग एका दुपारी ते भिंतीवर कोपर टेकून जयम्माच्या पाण्याकडे बघत उभे राहिले. कपड्यांवर शिंपडायला तिच्याजवळ पाण्याचा डबा असे. संध्याकाळपर्यंत तो चार-पाचदा रिकामा व्हायचा आणि ती आमच्या नळावरून भरून न्यायची. अण्णा धावत वर आले, माझं दार वाजवलं. मी घरूनच मीटिंगमध्ये होते.

"अक्का, ती गार बाजू दिवसभर शिंपडून टाकते आणि नवी भरते! तापलेलं पाणी कपड्यावर जातं, गार पाणी आत येतं! आपोआप! आणि कोमट पाण्याने सुरकुती लवकर जाते, हे तिलाच विचारा!"

मीटिंगमधल्या सगळ्यांनी ते ऐकलं. दोघांनी नंतर विचारलं, कुणाचं काय तापलंय.

त्यातून इस्त्रीसाठी बैठक तयार झाली. वर लोखंडाचा जाड पत्रा, त्यावर इस्त्री टेकवायची. पत्र्याखाली सहा बिस्किटं, या वेळी योग्य ती. त्यांच्याखाली पसरट, कडेला तोंड असलेला डबा, त्यात शिंपडायचं पाणी. अण्णांनी जयम्माची इस्त्री कित्येक दुपारी तिच्या जेवणाच्या सुट्टीत मागून घेऊन, निखारे भरून, आमच्या पोर्चमध्ये तासन्‌तास तपासलं. दिवा झकास लागला. मी त्याखाली वर्तमानपत्रातली बारीक जाहिरात वाचली. मग आम्ही दिवस ठरवला: दसऱ्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी पाच. हत्यारांच्या पूजेचा दिवस, याहून चांगला मुहूर्त कुठला? बोलावणी माझ्याकडे. दोन्ही इमारती, कोपऱ्यावरचा उसाच्या रसवाला, आणि अण्णांच्या आग्रहाने तो वीजवाला. खुर्च्या, पेढे, दिव्याला हूक, जास्तीची वायर. माझ्या यादीत सतरा गोष्टी होत्या.

त्या दिवशी अख्ख्या बंगळुरात बसना केळीचे खांब, रिक्षांना झेंडूच्या माळा. चौकाचौकात कुंकू भरलेले कोहळे फोडलेले. आमच्या गल्लीत पन्नासेक माणसं जमली. जयम्मा नवी साडी नेसून आली. तिने इस्त्री चिंचेने घासून, भिंतीवर उन्हात वाळवून, हळदीकुंकू लावून, माळ घालून बैठकीवर ठेवली. सुरेख दिसत होती.

"निखारे?" अण्णांनी विचारलं.

"कसले निखारे?"

"इस्त्रीत घालायला."

जयम्मा इस्त्रीच्या आड उभी राहिली. "अण्णा, आज आयुधपूजा. वर्षभर बिचारी पोटात आग घेऊन फिरते. आज तिची सुट्टी. आज तिला विस्तव लावू?"

सतरा गोष्टींत ही अठरावी नव्हती. पुण्यात आम्ही खंडेनवमीला पाटी-पुस्तकं, विळी, कात्री पुजायला ठेवतो आणि त्या दिवशी त्यांना हात लावत नाही, हे मला चाळीस वर्षं माहीत होतं. अण्णांनाही सत्तर वर्षं माहीत होतं. आम्ही दोघांनी मिळून, हत्यारं न वापरण्याच्या दिवशी एका हत्याराचं उद्घाटन ठेवलं होतं.

"माझी शिडीसुद्धा आज घरी आहे," वीजवाला म्हणाला, आणि लोक हसले.

अण्णा पायरीवर बसले. मला वाटलं, संपलं. मग ते उठले, इस्त्रीला नमस्कार केला आणि पालथा हात तिच्या पाठीला लावला. उन्हात वाळत होती ती. "अडतीस," ते पुटपुटले. आणि रसवाल्याकडे वळून ओरडले, "ऐस! ऐस आहे?"

"आज यंत्र बंद, अण्णा. पूजा केलीय."

"यंत्राला सुट्टी आहे. बर्फाला नाही!"

बर्फाची लादी फोडून आली. अण्णांनी पाण्याचा डबा रिकामा करून बर्फाने भरला. मिनिटभर काही झालं नाही. मग एका मुलीने हातांचा आडोसा केला आणि म्हणाली, "लागला, लागला!" दिवा लागला होता. आडोसा केला तरच दिसेल इतपत, पण लागला होता. टाळ्या झाल्या. वीजवाल्याने बर्फात बोट बुडवलं, इस्त्रीला हात लावला, वायरींचा माग घेत झाडामागे जाऊन आला. कुठेच काही जोडलेलं नव्हतं.

"आगच नव्हती!" अण्णा प्रत्येकाचा हात धरून सांगत होते. "नुसता फरक! नुसता फरक!"

जयम्माने कोहळा फोडला आणि म्हणाली, "बर्फाने शर्ट होत नाहीत. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी साडेसहाला तिने इस्त्री पेटवली, बैठकीवर टेकवली. दोन-तीन मिनिटांत दिवा असा लागला की समोरच्या गॅलरीतून कुणीतरी शिटी मारली. जयम्माने पहिला शर्ट अंथरला, पाणी शिंपडलं, इस्त्री उचलली.

एक बाही झाली. दुसऱ्या बाहीला उजेड पिवळा झाला. कॉलरला पोचेपर्यंत अंधार.

तिने इस्त्री परत टेकवली. थोड्या वेळाने दिवा लागला. उचलली. विझला.

"अण्णा," ती अंधारातून म्हणाली, "मी बसले की उजेड, कामाला लागले की काळोख. हा दिवा आळशी माणसाचा आहे."

चार महिन्यांत अण्णांनी ती इस्त्री शेकडो वेळा बैठकीवर ठेवून मोजली होती. उचलून एकदाही पाहिली नव्हती. त्यांनी जयम्माचं पाणी पाहिलं होतं, हात पाहिले नव्हते. मीही पाहिले नव्हते, आणि माझं तर पोट दुसऱ्यांच्या योजनांत राहिलेलं शोधण्यावर चालतं.

मी हळूच म्हणाले, "मध्ये एक छोटी बॅटरी घातली तर..." आणि थांबले.

अण्णांनी विझलेला दिवा हुकावरून काढला, परत अडकवला. मग म्हणाले, "घाला."

"अण्णा?"

"शिळी तर शिळी. तिला उद्या उत्तर द्यायचंय."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी आतून एक पिशवी आणून माझ्या हातात दिली. दसऱ्याला एस.पी. रोड बंद. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली, बॅटरी घेतली, चार्जिंगचं सर्किट घेतलं, जोडायची कशी हे दुकानदाराकडून कागदावर काढून घेतलं. रस्ता तुंबलेला. गल्लीत शिरले तेव्हा सात वाजत आले होते.

झाडाखाली लख्ख उजेड होता. आणि जयम्मा इस्त्री करत होती.

बैठकीवर दुसरीच एक इस्त्री बसलेली होती. जुनी, जड, काळवंडलेली, तिच्या नवऱ्याची. तिच्या तळाला कोपऱ्यात कपचा उडालेला होता, कापड अडकायचं, म्हणून कित्येक वर्षं घरी दाराला अडसर म्हणून पडून होती. जयम्मा काम करता करता हातातल्या इस्त्रीतले अर्धवट जळलेले निखारे, जे ती एरवी राखेबरोबर गटारीकडेला टाकायची, ते त्या मोडक्या इस्त्रीच्या पोटात टाकत होती. ती इस्त्री कुठे जाणार नव्हती. बसून नुसती तापत होती. दिवा हलत नव्हता.

अण्णा बाजूला उभे होते. माझ्या हातातल्या पिशवीकडे त्यांनी पाहिलं, मी नकारार्थी मान हलवली आणि पिशवी पाठीमागे धरली.

"हिने केलं," ते म्हणाले. "मला विचारलंसुद्धा नाही. टाकाऊ निखारे, अक्का! ते मी हिशोबातच धरले नव्हते."

दुकानाचा माणूस मोटरसायकलवर बसून होता. बराच वेळ झाला असावा, हेल्मेट काढून टाकीवर ठेवलेलं होतं.

"काय सांगू मालकांना?" त्याने विचारलं.

"स्वल्प थांब. हा एवढा होऊ दे." तिने शर्ट पुरा केला, घडी घातली, गठ्ठ्यावर ठेवला. गठ्ठा बराच उंच होता. मग म्हणाली, "सांग, जयम्माला वेळ नाही. आणि तुझा हा शर्ट कोण करतं? वाफेवरचा दिसतो. पाठीवर बघ, चुणी तशीच आहे."

तो हसला, किक मारली आणि गेला. जयम्माने पुढचा शर्ट अंथरला. अण्णा वाकून डब्यातल्या पाण्याला पालथा हात लावायला पुढे सरकले.

"अण्णा, बाजूला व्हा की! तुमची सावली पडतेय कॉलरवर."

अण्णा दचकून मागे झाले. मग वळले. कंपाउंडच्या भिंतीवर त्यांची सावली होती, डोक्यापासून कमरेपर्यंत. त्यांनी एक हात वर केला, बोटं पसरली, मिटली. सावलीनेही तसंच केलं.

"अक्का," ते म्हणाले, "बघा हो."

मी जवळ जाऊन पाहिलं. सावली चांगली काळीभोर होती. पाचही बोटं वेगळी दिसत होती.